मुरगळलेला घोटा : पहिल्या तासापासून पुन्हा गड उतरेपर्यंत

पावसाळ्यातल्या सोमवारी सकाळी आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एक पेशंट ठरलेला असतो. रविवारी गड उतरताना पाय वाकडा पडलेला, घोट्यावर आंबेहळदीचा लेप, त्यावर करकचून बांधलेलं क्रेप बँडेज. आणि तक्रार ही, की "रात्री आईने चांगलं चोळून दिलं, तरी सूज वाढलीच." मी म्हणतो, तरी नाही हो, चोळलं म्हणून वाढली.

दुसरा पेशंट दोन-तीन महिन्यांनी येतो. त्याचं दुखणं तिसऱ्याच आठवड्यात थांबलेलं असतं. मग तो पळायला गेला आणि तोच घोटा परत मुरगळला. आता सपाट रस्त्यावरही पाय अधूनमधून दगा देतो. पहिल्याची चूक दोन दिवसांची, दुसऱ्याची वर्षभर पुरणारी. त्यामुळे पुढे ताकद आणि तोल यांवरच जास्त लिहिलं आहे.

बहुतेक वेळा पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूची लिगामेंट ताणली किंवा फाटली जाते. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी चिवट पट्टी. बाहेरच्या बाजूला अशा तीन असतात आणि सगळ्यांत आधी पुढची दुखावते. पट्टीचे धागे शरीर आपलं आपण सांधतं. पण पाऊल किती कललंय ही खबर मेंदूला देणारी यंत्रणाही या दुखापतीत बिघडते, आणि ती नुसत्या विश्रांतीने पूर्ववत होत नाही.

आधी हे जमवून ठेवा

१० सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज, बर्फ, दोन उशा, व्यायामाचा रबरी पट्टा, मोजपट्टी, जमिनीवर लावायला चिकटपट्टी आणि एक वही. वही चेष्टेने सांगत नाही. पहिल्याच आठवड्यात चांगल्या पायाची मापं घेऊन तिच्यात लिहा. कोणती मापं ते पुढे येईलच. तुमच्या दुखऱ्या पायाचं ध्येय तुमचाच दुसरा पाय आहे, यूट्यूबवरचा कुणी पैलवान नाही.

दुखण्याचा नियम सगळ्या टप्प्यांना एकच. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी पट्टी मनात धरा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आणि दुखणं आदल्या सकाळीइतकंच असायला हवं. वाढलं असेल तर एक पायरी मागे या. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम केलात, तर ही पट्टीच खोटी ठरते.

टप्पा १ : हाड मोडलंय का, ते आधी

याआधी लेप नाही, मालीश नाही. "शीर चढलीय, ओढून बसवतो" म्हणणाऱ्याच्या हातात पाय तर अजिबात देऊ नका. डॉक्टर यासाठी जी तपासणी वापरतात तिला ओटावा नियम म्हणतात. तिचा ढाचा घरीही समजून घेता येतो. बोटाने या चार जागा दाबून पाहा :

१. बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, खालच्या टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत.
२. आतल्या घोट्याची तशीच मागची कड.
३. पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्ये हाताला लागणारा उंचवटा.
४. पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे, कमानीच्या माथ्याशी असलेलं हाड.

यांपैकी कुठेही नेमकं हाडावर दुखलं, तर एक्स-रे. पाय मुरगळल्याबरोबर आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता आली नाहीत, तरी एक्स-रे. लंगडत टाकलेली पावलंही मोजायची. बाहेरच्या घोट्याच्या थोडं पुढे, खालच्या मऊ खळगीत दुखणं मात्र अपेक्षित आहे. तीच ती लिगामेंट.

लहान मुलं, मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली माणसं, दारू प्यायलेला माणूस किंवा हाड हाताला लागूच नये इतकी सूज, यांपैकी काही असेल तर घरच्या तपासणीवर विसंबू नका. थेट डॉक्टर.

> ताबडतोब दवाखाना : पाय वेडावाकडा दिसणं, बोटं गार, निळसर किंवा बधिर पडणं, टाचेच्या मागे कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटून चवड्यावर उभंच राहता न येणं. पुढच्या दिवसांत पोटरी सुजून कडक आणि दुखरी झाली, किंवा दम लागायला लागला, तरी थांबू नका. ती रक्ताची गुठळी असू शकते.

आणखी एक प्रकार हमखास निसटतो. दुखणं घोट्याच्या खाली नसून वर, नडगी आणि तिच्या शेजारचं हाड जिथे जुळतं तिथे असतं. पाऊल बाहेरच्या दिशेने पिळलं की ते जास्त दुखतं. ही वरची दुखापत बरी व्हायला बराच जास्त वेळ घेते आणि तिचा क्रम वेगळा असतो. अशी शंका आली तर हा लेख बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

डोंगरात असाल तर एवढंच करा : चालत उतरावंच लागणार असेल, तर बूट काढू नका. एकदा काढला की सुजलेला पाय परत आत जात नाही. नाडी थोडी सैल करा आणि बोटं हलतायत, गार पडलेली नाहीत, हे मधूनमधून पाहत राहा.

टप्पा २ : पहिले दोन-तीन दिवस

इथे काय करायचं त्यापेक्षा काय टाळायचं याची यादी मोठी आहे. गरम शेक, मालीश, दारू आणि पळणं या चार गोष्टींनी आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. वास येणारा बाम हलक्या हाताने लावला तर आभाळ कोसळत नाही, पण माणसं बाम लावत नाहीत, बाम *चोळतात*.

पाय वर. खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणं म्हणजे पाय वर नव्हे. आडवे व्हा, पोटरीखाली दोन उशा घ्या. घोटा छातीच्या पातळीहून उंच हवा. दिवसातून चार-पाच वेळा २० मिनिटं.

बर्फ. ओल्या पंचात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दोन-तीन तासांच्या अंतराने. बर्फाने दुखणं कमी होतं, लिगामेंट लवकर सांधत नाही. म्हणून तासन्‌तास धरून बसायची गरज नाही. संवेदना कमी असलेल्यांनी बर्फ वापरू नये.

बँडेज. सगळ्यांत जास्त चुकतं ते हे, म्हणून क्रमाने सांगतो :

१. पाऊल नडगीला काटकोनात धरा. लोंबत्या पावलावर बांधलं की उभं राहिल्यावर घोट्यापुढे काचतं.
२. सुरुवात बोटांच्या मुळापासून, घोट्यापासून नव्हे. दोन वेढे चवड्यावर.
३. मग तिरकं वर, घोट्यामागून फिरवून पुन्हा तळव्याखाली, मराठी चारच्या आकड्यासारखं. टाचही झाकली गेली पाहिजे.
४. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकेल असा घ्या. ताण खाली जास्त, वर जाताना कमी.
५. पोटरीच्या खालच्या भागात संपवा.

> तपासणी : अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. मुंग्या आल्या किंवा बोटं सुजली तर सोडून पुन्हा बांधा. झोपताना काढा.

नुसत्या घोट्याभोवती बांगडीसारखे वेढे दिले की सूज खाली पावलात साचते आणि पाय आणखी भयानक दिसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळंनिळं बोटांपर्यंत उतरलं तर घाबरू नका. ते रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली आलेलं असतं.

चालताना काठी लागली तर ती *चांगल्या* पायाच्या हातात धरा. दहातले आठ जण दुखऱ्या बाजूला धरतात, त्यामुळे सगळं अंग त्याच पायावर कलतं.

टप्पा ३ : हालचाल आणि चाल

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, सूज असतानाच, हालचाल सुरू करायची. हाड शाबूत आहे आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलेलं नाही असं धरून हे लिहितोय. साध्या मुरगळण्यात तीन-तीन आठवडे पाय उचलूनच ठेवला तर सांधा आखडतो आणि पोटरी वाळते.

१. *पंप :* आडवं पडून, पाय उशीवर, पाऊल वर-खाली २० वेळा. तासातासाला.
२. *बाराखडी :* पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढा. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. 'ळ' आणि 'क्ष' काढताना घोटा कसा सगळ्या दिशांना फिरतो ते बघा. गुडघा स्थिर ठेवायचा, नाहीतर अक्षर मांडी काढते.
३. *पोटरीचा ताण :* पाय लांब करून बसा, चवड्याला पंचा अडकवून स्वतःकडे ओढा. ३० सेकंद, तीन वेळा.
४. *गुडघा भिंतीला :* चौथ्या-पाचव्या दिवसापासून, पायावर वजन घेता येऊ लागलं की. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, टाच जमिनीला घट्ट. गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवा. जमलं तर पाऊल थोडं मागे घ्या. टाच न उचलता गुडघा टेकतो तिथपर्यंतचं, अंगठ्याच्या टोकापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही पायांचं अंतर वहीत लिहा.

हे अंतर कमी राहिलं तर उकिडवं बसता येत नाही, आणि उतरताना पाऊल बाहेर वळवून टाकायची सवय लागते. पाऊल आतल्या बाजूला ताणायचा व्यायाम मात्र पहिले दोन-तीन आठवडे करू नका. लिगामेंट त्याच दिशेला फाटलेली आहे.

चाल सुधारायला डोळ्यांपेक्षा कान बरे. घरात सपाता घालून चाला आणि आवाज ऐका. 'चट... चट-चट' असं लंगड्या तालात येत असेल, तर दुखऱ्या पायावर तुम्ही कमी वेळ थांबताय. पावलं छोटी करा, टाच आधी टेकवा, ताल समान करा. पाय बाहेर फेकत लांब टांगा टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

> पुढे जाण्याआधी : १० मिनिटं न लंगडता, काठीशिवाय चालता येतं का? दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली नाही ना? दोन्ही 'हो' असतील तरच टप्पा ४. आठवड्यानंतरही पायावर वजन घेता येत नसेल तर परत तपासून घ्या.

टप्पा ४ : ताकद

घोटा आत वळताना त्याला बाहेर खेचून सावरणारे स्नायू पायाच्या बाहेरच्या बाजूने खाली येतात. आधी त्यांना जागं करायचं.

१. *भिंतीला दाब :* खुर्चीत बसा, पावलाची बाहेरची कड भिंतीला लावून ढकला. पाऊल हलू द्यायचं नाही. १० सेकंद, १० वेळा. टप्पा ३ चालू असतानाच हे सुरू करता येतं.
२. *रबरी पट्टा :* पट्टा दोन्ही पावलांभोवती घालून दुखरं पाऊल हळू बाहेर न्या आणि त्याहून हळू परत आणा. १० ते १५ वेळा, तीन फेऱ्या. गुडघे बाहेर उघडले तर काम मांडीने केलं, घोट्याने नाही.
३. *चवड्यावर उभं राहणं :* स्वयंपाकघरातल्या ओट्याला बोटं टेकवा. आधी दोन्ही पायांवर १५ वेळा, तीन फेऱ्या. मग दोन्हीवर चढून एका पायावर उतरा. मग चढ-उतार दोन्ही एकाच पायावर. शेवटी पायरीच्या कडेवर, टाच पायरीच्या पातळीखाली नेऊन.

या तिसऱ्या व्यायामाशी थोडं थांबू या, कारण करतात सगळे आणि चुकतातही जवळजवळ सगळे. वर गेल्यावर वजन अंगठ्याच्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मुळावर हवं. दुखावलेला घोटा करंगळीच्या बाजूला सांडतो. मोबाइल जमिनीवर ठेवून मागून व्हिडिओ काढा. टाच सरळ वर जातेय की बाहेर कलतेय, ते लगेच दिसेल. कलत असेल तर दोन्ही टाचांच्या मध्ये टेनिसचा चेंडू धरून दोन्ही पायांवरच सराव करा. चेंडू पडला की मोजणी थांबली. चढायला दोन सेकंद, उतरायला तीन. झटके देत ५० वेळा करण्यापेक्षा असे १२ बरे. काही फेऱ्या गुडघा थोडा वाकवून करा, पोटरीचा खोलवरचा स्नायू त्याने कामाला लागतो.

पट्टा रोज चालेल. एका पायावरचे जड व्यायाम दिवसाआड. स्नायूला भरून यायला मधला दिवस लागतो, आणि 'रोज डबल केलं की लवकर बरा होईन' म्हणणारे टाचेमागचं नवं दुखणं घेऊन येतात. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायामही जोडा. कंबर डळमळली की घोट्याचं काम वाढतं.

> तपासणी : चांगल्या पायावर सलग किती वेळा चवड्यावर जाता येतं? समजा २५. तर दुखऱ्या पायावर किमान २२-२३ हवेत, तेही टाच न कलता.

टप्पा ५ : तोल

हा टप्पा गाळूनच माणसं दुसऱ्यांदा मुरगळतात. मीही त्यातलाच. विद्यार्थिदशेत माझा उजवा घोटा एका मोसमात दोनदा गेला. दुसऱ्यांदा तर कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये, सपाट फरशीवर. ताकद होती, पाऊल कललंय हे वेळेवर कळत नव्हतं.

न दुखता उभं राहता येऊ लागलं की टप्पा ४ च्या बरोबरीनेच हे सुरू करा. अनवाणी, हाताशी ओटा किंवा दाराची चौकट. रोज सात-आठ मिनिटं पुरतात, पण *रोज*. वयस्कर माणसांनी खुर्चीची पाठ धरूनच करावं आणि डोळे मिटायची पायरी सोडून द्यावी.

१. एका पायावर ३० सेकंद, डोळे उघडे, गुडघा किंचित सैल.
२. तसंच उभं राहून मान डावीकडे-उजवीकडे फिरवा.
३. तसंच उभं राहून दात घासा. सकाळी दुखरा पाय, रात्री चांगला. वेगळा वेळ काढावा लागत नाही, म्हणून हा एक व्यायाम तरी टिकतो.
४. डोळे मिटून. सुरुवातीला पाच सेकंदही जमणार नाहीत. १५ पर्यंत न्या.
५. घडी घातलेल्या गोधडीवर, डोळे उघडे.
६. जमिनीवर चिकटपट्टीने इंग्रजी वायचा आकार काढा. मध्यावर एक पाय, दुसऱ्या पायाने तिन्ही रेषांवर शक्य तितक्या लांब हलकेच स्पर्श करून परत. अंतर मोजा, दोन्ही पायांची तुलना करा.

तळवा सतत बारीक हलत राहतो, ते ठीक आहे. तेच तर शिक्षण. बोटांनी जमीन मुठीत पकडल्यासारखी धरत असाल तर मात्र पायरी अवघड झालीय, एक खाली या.

टप्पा ६ : उडी, पळणं, उतार

परवानगी कॅलेंडर देत नाही. हलकी दुखापत दोन आठवड्यांत इथवर येते, मध्यम सहा आठवड्यांत, गंभीर असेल तर तीन महिनेही लागतात. आधी हे चार जमले पाहिजेत : भिंतीपाशी दोन्ही पायांच्या अंतरात दीड सेंटिमीटरहून जास्त फरक नाही, चवड्यावरची वरची तपासणी पास, एका पायावर ३० सेकंद स्थिर, आणि अर्धा तास झपाझप चालून दुसऱ्या दिवशी सूज नाही.

१. दोन्ही पायांवर जागच्या जागी २० उड्या. उतरताना आवाज कमीत कमी.
२. पुढे-मागे, मग रेषेच्या डावी-उजवीकडे.
३. एका पायावर तोच क्रम. उतरल्यावर दोन सेकंद पुतळा.
४. सपाट मैदानावर १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, आठ वेळा. दिवसाआड. दर दोन खेपांनी पळणं थोडं वाढवा.
५. पळत मोठे इंग्रजी आठचे (8) आकडे, मग छोटे, मग नागमोडी. कबड्डी किंवा बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी यानंतरच बाजूला झेप आणि अचानक वळणं घ्यावीत.

खेळात किंवा ट्रेकला पुढचे सहा महिने तरी घोट्याचा ब्रेस (बांधायचा आधारपट्टा) किंवा टेप वापरावा. 'सवय लागेल' ही भीती अनाठायी आहे, फक्त व्यायाम चालू हवेत. ब्रेस व्यायामाच्या जागी नसतो.

आता गड. चढण हृदयाची परीक्षा घेते, उतार घोट्याची. पुण्यातल्या माणसांना मी हा क्रम देतो : आधी पर्वतीच्या १०३ पायऱ्या, दोनदा, उतरताना कठड्याला हात. मग तळजाईची मातीची वाट. मग कोरड्या दिवशी, अर्धी सॅक घेऊन सिंहगड. घसाऱ्याच्या वाटा आणि शेवाळलेले कातळ सगळ्यांत शेवटी, आणि पहिल्या पावसाळ्यात तर नकोच. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखी सुट्या धोंड्यांची उतरण 'बघू, जमेल' म्हणून करायची नसते.

उतरताना पावलं आखूड, गुडघे सैल, नजर दोन पावलं पुढे. हातात काठी असू द्या. आणि घाई करू नका, विशेषतः शेवटच्या तासात, जेव्हा खाली हॉटेलातला चहा दिसायला लागलेला असतो. माझ्याकडे येणारे बरेच घोटे त्याच तासातले असतात, अवघड टप्पा संपल्यावरचे.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी जाऊन अंतर पुन्हा मोजा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. दोन सेंटिमीटर घटलं असेल तर पुढचा रविवार घरी.